कोळंबीची डोकी टाकू नका

श्रोतेहो, नमस्कार. बाजारात कोळंबीचा वाटा घेतला, की मावशी विचारतात, "डोकी काढून देऊ?" आज नको म्हणा. आज रात्री आपल्याला इटलीत करतात तशी कोळंबी आणि झुकिनीची स्पॅगेटी करायची आहे, आणि तिची सगळी चव त्या डोक्यांतच आहे.

पहिल्यांदा केली तेव्हा मी हळद-तिखट, आलं-लसणाचं वाटण, सगळं घातलं होतं. घरच्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि त्याला "शेवयांचं कालवण" असं नाव ठेवलं. ते बरोबरच होतं म्हणा.

कोळंबी सोला, काळा दोरा काढा. डोकी-सालं ऑलिव्ह तेलात परता आणि डावाने दाबत राहा. तेल केशरी होऊ लागतं, वास घरभर फिरतो. मग वाटीभर पाणी घालून दहा मिनिटं उकळा आणि गाळून घ्या.

दोघांसाठी 200 ग्रॅम स्पॅगेटी, 2 लिटर पाणी आणि 20 ग्रॅम मीठ, हे तिकडचं रूढ माप. एवढं मीठ घालताना हात आखडतो, पण बरंचसं पाण्यातच राहतं. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच स्पॅगेटी उपसा. दाताखाली किंचित कणी लागायला हवी. आणि ते पाणी ओतून देऊ नका! त्यात उतरलेल्या पिठुळपणामुळेच रस्सा आणि तेल मिळून येतात.

तोवर दुसरीकडे कढईत तेलावर ठेचलेला लसूण टाका, लाल होऊ देऊ नका. त्यावर झुकिनीच्या चकत्या, कडा बदामी होईपर्यंत. झुकिनी नसेल तर कोवळी फरसबी चालेल. दुधीला मात्र पाणी सुटतं. आता गाळलेला रस्सा, स्पॅगेटी आणि डावभर राखून ठेवलेलं पाणी घालून मोठ्या आचेवर हलवा. शेवटच्या दोन मिनिटांत कोळंबी. तिची चंद्रकोर झाली, की गॅस बंद. वेटोळं झालं, तर चिवट झालीच समजा.

वरून चीज किसायचा मोह होईल, पण मासळीच्या पास्त्यावर इटालियन माणूस सहसा चीज घालत नाही. मलाही ते पटतं. रश्श्याची गोडी चीजखाली दबते. लिंबाची साल किसून घाला.

एक राहिलंच. हाका मारून माणसं ताटावर बसवायची, मगच स्पॅगेटी उकळत्या पाण्यात सोडायची. ती कुणासाठी थांबत नाही.