रुद्रपूरची मातीची शाळा

नमस्कार, श्रोतेहो.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी रात्री जागून जो प्रकल्प करतात, तो परीक्षा झाली की बहुधा गुंडाळून माळ्यावर जातो. आज सांगणार आहे तो प्रकल्प मात्र शाळा झाला.

बांगलादेशच्या दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचं खेडं आहे. आना हेरिंगर ही जर्मन मुलगी १९९७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'दीपशिखा' या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेत काम करायला तिथे आली आणि जवळजवळ वर्षभर राहिली. पुढे ऑस्ट्रियात लिंझला शिकताना, २००४ मध्ये, पदवीचा प्रकल्प म्हणून तिने याच गावासाठी शाळा आखली.

गावातली घरं मातीचीच. पण ती फार टिकत नसत आणि बोल मातीला लागे. खरी गोम खाली होती. घरांना धड पाया नसे, ओल अडवायला काही नसे. पावसाळ्यात भिंत बुडापासून भिजत जाई. हेरिंगर आणि सहकारी आइके रोसवाग यांनी विटांचा पाया घातला, त्यावर ओल अडवणारा थर दिला आणि वर गावचीच माती चढवली.

माती, पेंढा, पाणी एकत्र करून म्हशींकडून तुडवून घेतलं. आपल्याकडेही भिंतीसाठी चिखल तुडवलेली माणसं आहेत. ऐकताना त्यांना पायांना लागलेला तो गारवा आठवेल. हा चिखल हातांनी रचायचा, जरा आवळला की फावड्याने कडा तासायच्या, पुन्हा वाळू द्यायचा, मग पुढचा थर. इथे घाई चालत नाही. तरी सप्टेंबर ते डिसेंबर २००५ एवढ्यात दोन मजली शाळा उभी राहिली. गावचे कारागीर, शिक्षक, पालक, मुलं, सगळ्यांचे हात तिला लागले.

खाली जाड भिंतींचे तीन वर्ग, वर बांबूचा हवेशीर मजला, दारांना रंगीत साड्या. मला सगळ्यात आवडतात त्या वर्गांमागच्या मातीच्या गुहा. त्यात मुलं शिरतात, लोळतात, एकटीच वाचत बसतात!

२००७ मध्ये शाळेला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. नंतर बांगलादेशातले आणि लिंझचे विद्यार्थी रुद्रपूरला जमले आणि गावकऱ्यांसोबत माती-बांबूची राहती घरं बांधली.

तुमच्या गावी जुनं मातीचं घर पाडायचं चाललं असेल, तर आधी जोत्यापाशी वाकून ओल कुठून येते तेवढं पाहा.