सात नाणी आणि एक छोटी पेटी: नव्या पैशांचा संग्रह

[पडद्यावर: काळ्या कापडावर तांबूस रंगाचं एक छोटं नाणं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

व्यास १६ मिलिमीटर, वजन दीड ग्रॅम. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. दुसऱ्या बाजूला ठसठशीत एकाचा आकडा आणि वर देवनागरीत मजकूर: 'रुपये का सौवाँ भाग'. आपण रुपयाचा कितवा हिस्सा, हे नाणं स्वतःच सांगतं. १ एप्रिल १९५७ रोजी ते सांगणं भागच होतं. आदल्या दिवसापर्यंत रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आता त्याच रुपयाचे शंभर झाले. जुना पैसा आणि हा पैसा एकाच गल्ल्यात पडणार, म्हणून याच्या अंगावर 'नया पैसा' असं कोरलं.

चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास, इथवर हिशेब सरळ होता. पण एका आण्याचे होतात सव्वासहा. मग सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस नवे पैसे धरले गेले. काही वर्षं दोन्ही प्रकारची नाणी बरोबरच चालली. प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांत इतका मोठा बदल सामान्य माणसाच्या हातात आणून ठेवणारी दुसरी मालिका नाही. कमी पैशांत संग्रह करायचा असेल तर मी म्हणेन, इथूनच सुरुवात करा.

[पडद्यावर: सात नाणी एका ओळीत.]

मालिका सात नाण्यांची. एक नया पैसा कांस्याचा. १९६२पासून तो निकेल-ब्रासचाही निघाला. दोन, पाच आणि दहा नये पैसे तांबं-निकेलचे. दोन आणि दहाला पाकळ्यांसारखी कड, पाच चौकोनी आणि कोपरे गोल केलेले, म्हणजे अंधारातही बोटांना फरक कळावा. पंचवीस, पन्नास आणि एक रुपया शुद्ध निकेलचे. त्यांची वजनं पाहा: अडीच ग्रॅम, पाच ग्रॅम, दहा ग्रॅम. किंमत दुप्पट, की धातूही दुप्पट. ही शिस्त मला फार आवडते. निकेल लोहचुंबकाला चिकटतं, त्यामुळे या तिघांची पहिली परीक्षा घरच्या चुंबकावरच होते.

वर्षाच्या खाली टांकसाळीची खूण शोधा. मुंबईचा छोटा हिरा. कोलकात्याची खूणच नसते. हैदराबादची खूण त्या वर्षांत बदलत गेली आणि शेवटी पाच टोकांचा तारा कायम झाला. नोएडाचा गोल ठिपका इथे सापडणार नाही, कारण तिथलं उत्पादन फार नंतर, १९८०च्या दशकात सुरू झालं. सुरुवातीला टांकसाळींच्या मागे लागू नका. प्रत्येक किमतीचं एकच नाणं घ्या, पण देखणं घ्या.

[पडद्यावर: दिव्याखाली फिरणारं नाणं, पृष्ठभागावर सरकणारा प्रकाश.]

देखणं कशाला म्हणायचं, तेच शिकायचं आहे. ठशाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उठतात. नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की त्या रेषांवरून उजेड गोल फिरतो. संग्राहक याला लस्टर म्हणतात. वापराने तो आधी उंच भागांवरून जातो: सिंहाची छाती, आयाळ. तिथे करडा, निस्तेज पट्टा दिसला तर नाणं हातोहाती फिरलेलं आहे, विकणारा काहीही म्हणो.

ग्रेडिंग म्हणजे हेच निरीक्षण ठरलेल्या मापाने करणं. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लावली गेली. पीसीजीएस ही नाणी ग्रेड करणारी अमेरिकन कंपनी १९८६मध्ये आणि तशीच एनजीसी १९८७मध्ये सुरू झाली, आणि नाणं तपासून, कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सील करून, त्यावर ग्रेड आणि नंबर छापायची पद्धत रुळली. ती डबी म्हणजे स्लॅब. ६० आणि त्यापुढची नाणी न वापरलेली; त्यांच्या आकड्याआधी एमएस, म्हणजे 'मिंट स्टेट', लावतात. एमएस ६२ आणि एमएस ६६ यांच्यात झिजेचा फरक नसतो; फरक असतो तो टांकसाळीच्या पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या ओरखड्यांचा, ठशाच्या उठावाचा आणि चमकेचा. कांस्याच्या नाण्याला शिवाय रंगाची अक्षरं मिळतात: आरडी म्हणजे मूळचा लाल, आरबी म्हणजे लाल-तपकिरी, बीएन म्हणजे तपकिरी.

आता पैशांचं बोलू. वापरलेले नये पैसे अगदी थोडक्यात मिळतात, आणि न वापरलेलेही बहुतेक आवाक्यात असतात. पण एक नाणं ग्रेडिंगला पाठवायचं म्हटलं की शुल्क, जाण्यायेण्याचं कुरिअर आणि विमा मिळून खर्च नाण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. सातही नाणी पाठवली तर बजेट प्लास्टिकवरच संपेल. म्हणून माझा सरळ सल्ला असा: दोनच नाणी ग्रेड केलेली घ्या, तीही आधीच स्लॅबमध्ये असलेली, विकत. एक, कांस्याचा नया पैसा, आरबी किंवा जमलं तर आरडी. कारण तांब्याचा मूळ रंग आणि रसायनाने आणलेला रंग यांत भले भले फसतात. दुसरं, १९६२चा निकेलचा रुपया. एवढ्या मोठ्या, मोकळ्या पृष्ठभागावर प्रत्येक ओरखडा दिसतो, म्हणून स्वच्छ रुपया शोधायला वेळ लागतो. बाकीची पाच नाणी सुटी घ्या आणि या दोघांशेजारी ठेवून पारखा. स्लॅबमधलं नाणं इथे तुमचा मास्तर होतं.

आकडा कोणता घ्यायचा? ६४ किंवा ६५ पुरे. डोळ्यांना छान दिसतं आणि किंमत अंगावर येत नाही. ६७च्या पुढे विक्रेता सांगू लागेल की जगात अशी दोनच ग्रेड झालीत. या वाक्यापाशी थांबा. कंपन्यांच्या यादीत फक्त त्यांच्याकडे आलेली नाणी मोजलेली असतात. भारतातल्या घराघरांत, कपाटात, देवघरातल्या डबीत पडलेले नये पैसे तिथे कुणी पाठवलेच नाहीत. यादीतला छोटा आकडा नाणं किती दुर्मीळ आहे ते सांगत नाही, किती थोड्या लोकांनी ते पाठवलं एवढंच सांगतो. उद्या कुणाच्या आजोबांची पिशवी उघडली की तो आकडा बदलतो. आधुनिक भारतीय नाण्यांत नवखे संग्राहक सर्वांत जास्त पैसे इथे घालवतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

[पडद्यावर: जुन्या बाजारातली पथारी. नाण्यांचे ढीग.]

शोधायचं कुठे? पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी भरतो. नाण्यांची प्रदर्शनं आणि संग्राहकांच्या सभा तर फार उपयोगी. तिथे दहा टेबलांवर तेच नाणं दहा अवस्थांत पाहायला मिळतं, आणि जुनेजाणते संग्राहक भिंग हातात देऊन समजावतात. ढिगातलं नाणं फार चकचकीत दिसलं तर सावध व्हा. आपल्याकडे तांब्या-पितळेला चिंच किंवा पितांबरी लावायची सवय आहे. भांड्यांसाठी ती उत्तम. नाण्यावर मात्र लस्टरच्या रेषाच पुसल्या जातात आणि एकाच दिशेने गेलेले केसांएवढे ओरखडे मागे राहतात. ग्रेडिंग कंपनी अशा नाण्याला आकडा देत नाही, 'क्लीन्ड' असा शेरा मारते. तुम्हीही घरी आणलेलं नाणं घासू नका.

स्लॅब घेतानाही डोळे उघडे ठेवा, कारण स्लॅबही नकली निघतात. वरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. फोटो उपलब्ध असेल तर प्रत्येक डाग आणि ओरखडा ताडून पाहा.

'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' हे निरोप तर तुमच्याही फोनवर आले असतील. आधी नोंदणी शुल्क मागतात, मग कर, मग कमिशन, आणि वर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलं की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून कमिशन घेत नाही. घरातल्या मोठ्यांना हे आवर्जून सांगा.

[पडद्यावर: पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं, छोटी लाकडी पेटी.]

सुटी पाच नाणी मायलरच्या, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या, खिडकीच्या पुठ्ठा-पाकिटात ठेवा. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा. त्यांतून काही वर्षांनी हिरवट चिकट थर सुटतो आणि तो धातू खातो. कोकणात, मुंबईत पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. नाणं कडेला धरा, चेहऱ्यावर बोट नको. प्रत्येक पाकिटावर कधी घेतलं, कुठून घेतलं आणि कितीला घेतलं, हे त्याच दिवशी लिहा.

सात नाणी जमल्यावर पैसे उरले तर आठवं नाणं घ्या: १९६४चा एक पैसा. १ जून १९६४पासून नाण्यांवरचा 'नया' हा शब्द काढून टाकला गेला, कारण तोवर जुना पैसा लोकांच्या खिशातून गेला होता. पेटीत हा पैसा १९५७च्या पैशाशेजारी ठेवा.