कचेरी सुटल्यावर

(पडद्यावर: जुना कृष्णधवल फोटो. कॅमेरा खालच्या कडेपासून, पावलांवरून, हळूहळू सरकतो.)

आधी पाय बघा.

या फोटोबद्दल बोलणारा प्रत्येक जण पायांपासूनच सुरुवात करतो. आपणही तेच केलं. अकरा खेळाडू, सोबत जिंकलेली शील्ड, आणि पाय उघडे. नीट शोधलंत तर एकाच्या पायात बूट सापडतील. एकाच्याच.

ही मोहन बागानची टीम. १९११ साली, २९ जुलैला, कोलकात्यात आयएफए शील्डच्या, म्हणजे इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात या टीमने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. शील्ड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. अनवाणी पोरांनी गोऱ्या सोल्जरांना लोळवलं, ही गोष्ट शंभर वर्षांहून जास्त काळ सांगितली जातेय, आणि ती खरी आहे. पण पायांवरच नजर खिळली की वरचे चेहरे बघायचे राहून जातात. हे अकरा जण दिवसभर काय करत होते? फुटबॉलवर त्यांच्या घरची चूल पेटत नव्हती. खेळायचे पैसे मिळत नव्हते. म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जावंच लागत असणार.

(पडद्यावर: जुलै १९११ चं कॅलेंडर. एकेका तारखेभोवती गोल.)

हे कॅलेंडर बघा. सेंट झेवियर्सविरुद्ध पहिली फेरी, १० जुलै, सोमवार. रेंजर्स, १४ तारीख, शुक्रवार. रायफल ब्रिगेड, १९ तारीख, बुधवार. उपांत्य सामना मिडलसेक्स रेजिमेंटशी, २४ तारखेला, सोमवारी. तो १-१ असा बरोबरीत सुटला, म्हणून बुधवारी २६ ला पुन्हा. अंतिम सामना तेवढा शनिवारी.

एकही रविवार नाही. सगळे कामाचे वार. समोर बहुतेकदा पलटणीची टीम, म्हणजे ज्यांचं काम कवायत करायचं आणि अंग कमवायचं. इकडे कचेरीतून निघून, मैदान गाठून, धोतर सोडून चड्डी चढवणारे लोक.

(पडद्यावर: फोटोतला एकेक चेहरा जवळून.)

गोलमध्ये उभा राहायचा तो हिरालाल मुखर्जी. वीटभट्टीवर काम करायचा. गोलरक्षकाबद्दल लोक दोन वेळा बोलतात, गोल खाल्ला तेव्हा आणि पेनल्टी अडवली तेव्हा. हिरालालच्या वाट्याला त्या महिन्यात फार बोलणं आलं नाही. सहा सामन्यांत तीनच गोल खाल्ले. हिशेब तुम्हीच करा.

त्याच्यापुढे दोन बॅक. एक भूती सुकुल. घराणं मूळ उत्तर प्रदेशाकडचं, कोलकात्यात स्थिरावलेलं. दुसरे रेव्हरंड सुधीर चॅटर्जी. होय, ते बूटवाले हेच. ख्रिस्ती धर्मोपदेशक, आणि भवानीपूरच्या मिशन कॉलेजात शिक्षक. यांना 'अहो' म्हणावंसं वाटतं, बाकीच्यांना 'अरे' चालतं. क्लबच्या आठवणींत एक किस्सा सांगतात. पहिल्याच सामन्याच्या दिवशी सुधीरबाबूंना वरिष्ठांनी सुट्टी दिली नाही, आणि मोहन बागान दहाच जणांनिशी उतरलं. तरी ३-० ने जिंकलं. रजेचा अर्ज नामंजूर होण्याचं दुःख ज्याला माहीत आहे, त्याला हा किस्सा पटायला पुरावा लागत नाही.

मधली फळी तिघांची. मनमोहन मुखर्जी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला. हा उत्तरपाड्याचा, म्हणजे हुगळीच्या पलीकडच्या काठचा. नीलमाधव भट्टाचार्य बँकेत. आणि राजेन सेनगुप्ता अजून कॉलेजात, स्कॉटिश चर्चमध्ये.

पुढची फळी पाच जणांची. तेव्हा खेळायची पद्धतच तशी होती, दोन मागे, तीन मध्ये, पाच पुढे. उजव्या टोकाला कानू रॉय. त्याच्या शेजारी हाबुल सरकार, कोलकाता महापालिकेत कामाला. मधोमध अभिलाष घोष, राजेनसारखाच स्कॉटिश चर्चचा विद्यार्थी. धिप्पाड, सावळा, अंगावर येणारा. आणि डावीकडे दोन भाऊ, बिजयदास आणि शिबदास भादुरी.

शिबदास कप्तान. पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलेला आणि सरकारच्या त्याच खात्यात नोकरीला. गुरांचा डॉक्टर! फोटोत बघाल तर अंगकाठी किरकोळ. पण चेंडू पायाशी आला की हातात सापडायचा नाही. इंग्रज प्रेक्षकांनीच त्याचं नाव 'निसटता शिबदास' पाडलं. दोघं भाऊ शेजारीशेजारी खेळायचे, दिसायलाही सारखे. अंतिम सामन्यात शिबदासवर पहारा बसला तेव्हा दोघांनी जागा बदलल्या आणि पहारेकरी भलत्याच भादुरीमागे धावत राहिले, असं सांगतात. घरात जुळ्यासारखे भाऊ असतील त्यांना हा डाव नवा नाही. मास्तरांना चकवायला आपल्याकडेही वापरला जातो.

(पडद्यावर: बंगालचा जुना नकाशा, मधून जाणारी रेघ.)

या अकरांपैकी बरेच जण पूर्व बंगालकडचे. भादुरी बंधूही तिकडचेच. १९०५ मध्ये सरकारने बंगालचे दोन तुकडे केले होते आणि १९११ च्या जुलैत ते तसेच होते. म्हणजे नकाशावर ज्यांची गावं वेगळ्या प्रांतात गेली, ते एका रंगाच्या जर्सीत खेळत होते. पुढे १९२० मध्ये ईस्ट बंगाल हा वेगळा क्लब निघाला आणि 'घटी' (पश्चिम बंगालचे) विरुद्ध 'बांगाल' (पूर्व बंगालचे) अशी भांडणं घराघरांत पोचली. पण मोहन बागानची सगळ्यात मोठी शील्ड बऱ्याच अंशी 'बांगाल' पायांनी आणली, हे कोलकात्यात जपून बोलायचं वाक्य आहे.

(पडद्यावर: उत्तर कोलकात्याची अरुंद गल्ली, आजची.)

क्लब निघाला उत्तर कोलकात्यात, १५ ऑगस्ट १८८९ ला. तारखेचा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. नाव पडलं ते 'मोहन बागान' नावाच्या बंगल्यावरून. तिथल्या आवारात पोरं खेळायची. सुरुवातीपासून शिस्त कडक. सिगारेट ओढायची नाही, आणि परीक्षेत नापास झालास तर संघात जागा नाही. फुटबॉलसाठी शाळा बुडवणाऱ्यांच्या देशात हा नियम काढणाऱ्याला दंडवत.

खरी शिस्त लावली ती शैलेन बसूंनी. हे लष्करातले, सुभेदार मेजर. पलटणीत अंग कसं कमवतात ते त्यांनी आतून बघितलेलं. क्लबची सूत्रं हातात आल्यावर त्यांनी कारकुनांकडून आणि विद्यार्थ्यांकडून सोल्जरांसारखी मेहनत करून घेतली. धावणं, दमसास, एकमेकांना चेंडू देणं. गोऱ्या संघांपुढे वजनात आपण मार खाणार, मग पळण्यात तरी खायचा नाही, असा सरळ हिशेब. त्याची फळं लगेच दिसली. १९०६, १९०७, १९०८ अशी लागोपाठ तीन वर्षं ट्रेड्स कप मोहन बागानकडे. १९०९ ला शील्डमध्ये उतरले आणि गॉर्डन हायलँडर्स या पलटणीकडून हरले. म्हणजे १९११ ची टीम आभाळातून पडलेली नव्हती. पाच-सहा वर्षं रोज संध्याकाळी घडत होती.

(पडद्यावर: जुन्या पद्धतीचा चामडी चेंडू, हातात. कॅमेरा शिवणीवर.)

आता हा चेंडू. चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला, आत फुगा, आणि फुग्याचं तोंड आत कोंबून वरून वादीने घट्ट आवळलेलं. ही वादी बघा कशी वर आली आहे. हेडर मारताना ती कपाळाला लागली तर वळ उठतो. आणि पाऊस आला की चामडं पाणी पितं. कोरडा असताना हलका असलेला चेंडू भिजला की ओल्या विटेसारखा जड. त्यावर अनवाणी लाथ मारायची.

पण अनवाणी असणं म्हणजे निव्वळ हाल नव्हते. कोरड्या मैदानावर उघड्या पायाला चेंडू कळतो. बोटांनी ओढता येतो, तळव्याने थोपवता येतो, जागच्या जागी वळता येतं. बूट घातलेला सोल्जर वळेपर्यंत शिबदास निघून गेलेला. गोची व्हायची ती चिखलात. बुटांना तळाशी पकड असते, पायाला नसते. म्हणून कोलकात्यातला अनवाणी संघ सामन्याच्या दिवशी आधी आभाळाकडे बघायचा. आणि शील्ड भरायची कधी, तर ऐन जुलैत.

तेव्हा 'बिचारे, बूट घ्यायलाही पैसे नव्हते' हे जे कधीकधी ऐकू येतं, ते मला पटत नाही. बँकेत आणि बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्याला बूट परवडले नसते असं नाही. लहानपणापासून तसेच खेळले, पाय तसेच तयार झाले, आणि त्या पायांनी ते उत्तम खेळत होते. दया कशाला दाखवायची?

(पडद्यावर: कोलकात्याचं मैदान, दुपार. गर्दीचा आवाज हळूहळू वाढतो.)

२९ जुलै, शनिवार. मैदान कलकत्ता फुटबॉल क्लबचं. सकाळपासून माणसं येत होती. रेल्वेने जादा गाड्या सोडल्या, नदीवरून स्टीमर भरभरून आले. दोन रुपयांचं तिकीट पंधरा रुपयांना विकलं गेलं. गर्दीचा आकडा साठ हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत, सांगणाऱ्यागणिक बदलतो. एवढं नक्की की त्यातल्या बहुतेकांना चेंडू दिसणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी युक्ती काढली. पुढच्यांनी पतंग उडवले. गोल झाला की आकडा लिहिलेला पतंग वर, आणि मागच्या हजारोंनी मान वर करून सामना आभाळात वाचला. रेडिओ भारतात यायला अजून बरीच वर्षं होती. धावतं वर्णन दोऱ्यावरून चाललं होतं.

पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धात ईस्ट यॉर्कशायरला फ्री किक मिळाली आणि त्यांचा कप्तान जॅक्सन याने ती गोलमध्ये घातली. ०-१. पतंग वर गेला तेव्हा मागच्या गर्दीत काय झालं असेल, त्याची कल्पना क्रिकेट बघणाऱ्या कोणालाही करता येईल.

सामना संपायला पाचेक मिनिटं उरली असताना शिबदास डावीकडून आत घुसला आणि त्याने बरोबरी केली. आणि अगदी शेवटी पुन्हा शिबदासच निघाला. या वेळी त्याने स्वतः मारला नाही. बचाव आपल्यावर ओढून घेतला आणि चेंडू अभिलाषला दिला. अभिलाषने काम संपवलं. २-१.

कप्तानाने शेवटच्या मिनिटाला पास देणं, मला या सामन्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. अनवाणी असण्यापेक्षाही.

(पडद्यावर: संध्याकाळचा प्रकाश. फोर्ट विल्यमची तटबंदी लांबून.)

विजयाभोवती आख्यायिका उगवल्याच. सगळ्यात प्रसिद्ध अशी की मैदानाबाहेर एका वृद्धाने फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारलं, 'हे तर झालं, आता ते कधी उतरवणार?' उत्तर मिळालं, 'पुढची शील्ड जिंकू तेव्हा.' आणि मोहन बागानने पुढची शील्ड जिंकली ती थेट १९४७ मध्ये. तारखा खऱ्या आहेत. संवाद मात्र इतका घोटीव आहे की तो १९४७ नंतर कोणीतरी बसून लिहिला असावा असं मला वाटतं. १९११ च्याच १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात राजधानी कोलकात्याहून हलवल्याची आणि बंगालची फाळणी रद्द केल्याची घोषणा झाली. त्याचंही श्रेय काही जण अभिलाषच्या गोलला देतात. ते जरा जास्तच झालं.

दुसरा योगायोग मात्र खरा आहे आणि आपल्या जवळचा आहे. त्याच १९११ च्या उन्हाळ्यात भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये खेळत होता, आणि त्यात पुण्याच्या मैदानावर घडलेला बाळू पालवणकर नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता. पूना क्लबवर मैदानाची देखभाल करता करता गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन् तास चेंडू टाकून तयार झालेला. चर्मकार समाजातला असल्याने आपल्याच माणसांनी ज्याला वेगळ्या भांड्यात चहा दिला, असा. त्या दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तिकडे इंग्लिश फलंदाज बाळूच्या फिरकीला सापडत होते आणि इकडे कोलकात्यात शिबदास कोणालाच सापडत नव्हता. साहेबांनी शिकवलेले दोन्ही खेळ एकाच मोसमात त्यांच्यावर उलटले. पण बाळूच्या वाट्याला आलेलं ते भांडं मोहन बागानच्या गोष्टीत नाही, म्हणून ती सांगायला सोपी जाते.

(पडद्यावर: पुन्हा तोच फोटो. कॅमेरा या वेळी चेहऱ्यांवर थांबतो, पायांकडे जात नाही.)

कोलकात्यात २९ जुलै अजूनही 'मोहन बागान दिन' म्हणून साजरा होतो. भाषणं होतात, पुरस्कार दिले जातात.

१९११ ला त्या रात्री शहर झोपलं नाही. मिरवणूक निघाली, हिंदू-मुसलमान दोघेही रस्त्यावर. रविवार त्यातच गेला असणार.

३१ जुलैला सोमवार होता. बांधकाम खातं, बँक, महापालिका, पशुवैद्यक खातं, नेहमीच्या वेळी उघडली. उत्तरपाड्याच्या घाटावर नावा लागल्या होत्या.