नकार कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

जिल्हा परिषदेत शिक्षकांच्या पदोन्नतीचं समुपदेशन असतं. ज्येष्ठता यादीप्रमाणे नाव पुकारतात आणि ज्याचं नाव आलं त्यानं मुख्याध्यापकपदासाठी रिक्त शाळांमधून एक निवडायची. नोकरीच्या काळात मी तिथं एकच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. बाईंचं नाव येतं. त्या उठतात, मागं बसलेल्या नवऱ्याकडं बघतात, रिक्त गावांची यादी आणखी एकदा वाचतात आणि टेबलापाशी जाऊन नकार लिहून देतात. कारण, 'कौटुंबिक अडचण'. बाहेर आल्यावर सगळे म्हणतात, "बायांनाच नको असतं हेडमास्तरपद."

मला हे अजिबात मान्य नाही.

यादीत उरलेली गावं कोणती असतात? नांदेडला घर असलेल्या बाईंपुढं किनवट, माहूरकडची शाळा येते. तिथून रोज ये-जा होत नाही आणि गावात एकट्या बाईला कुणी खोली देत नाही. जवळची शाळा मिळाली तरी तालुक्याची बैठक संध्याकाळपर्यंत रेंगाळते आणि शेवटची एसटी निघून जाते. त्याच पदावरचा पुरुष मोटारसायकलला किक मारून रात्री नऊला घरी पोचतो, तेव्हा भाकरी तयार असते. बाईंनी घरी पोचून भाकरी थापायची असते. मग नकार कुणाचा, बाईंचा की आपल्या सगळ्यांचा?

ज्या पद स्वीकारतात, त्यांचं काय होतं? पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजून घेतली, वजन कमी भरलं म्हणून पावतीवर सही नाकारली, तर गावात बोललं जातं, "बाई लई ताठ आहे." हेच एखाद्या सरांनी केलं तर ते 'शिस्तीचे' ठरतात. बाई नरम वागल्या तर "बाईमाणसाला शाळा झेपत न्हाई" म्हणायला लोक मोकळेच. बीडच्या तांड्यांवर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या दिवसांत घरोघर जाऊन, "पोराला बरोबर नेऊ नका, आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहात त्याच्या जेवणाची सोय करते" अशी विनवणी करणाऱ्या मुख्याध्यापिका मी पाहिल्या आहेत. हे शाळा झेपणं नाही तर काय आहे?

पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई फुले मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथंच राहिला. मुलींची शाळा आपल्याकडं उशिरा रुजली हे खरं. पण ही सबब आणखी किती पिढ्या पुरवायची? दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, आणि त्याच भिंतीखालच्या खुर्चीवर बाई बसल्या की संस्थाचालकांना चिंता वाटते. खाजगी शाळांसाठीची १९८१ची नियमावली मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेनं द्या म्हणते. बाई आहे म्हणून डावला, असं त्यात कुठंही नाही. तरी "मॅडम, तुम्ही लिहून द्या, सरांना होऊ द्या" अशी गळ घातली जाते. ही गळ म्हणजे सरळ अन्याय आहे.

श्रोतेहो, तुमच्या हातात काही गोष्टी आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्या महिलांना फक्त सहीपुरतं बोलावू नका. बाई मुख्याध्यापक म्हणून येणार असतील तर गावात खोलीची सोय करा आणि बैठका दुपारीच संपवा, असा ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. आणि ज्यांच्या घरात शिक्षिका आहे, त्या भावांना, सासऱ्यांना, नवऱ्यांना माझी विनंती आहे. समुपदेशनाचं पत्र आलं की तिला आधी एवढंच विचारा, "तुला कोणती शाळा हवी?" आणि त्या दिवसापासून संध्याकाळची चूल कोण पेटवणार, हेही तेव्हाच घरात ठरवा.