तिसऱ्या चाकाचा हिशेब

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘साइडकारसह वेगविक्रमाची मोटारसायकल कशी बांधावी’ असा विषय छापला आहे आणि तो मी मांडणारच आहे. मात्र आरंभी एक प्रश्न विचारतो. या सभागृहातील किती जण साइडकारमध्ये, म्हणजे दुचाकीच्या बाजूला जोडलेल्या एका चाकाच्या डब्यात, बसले आहेत? पुढच्या रांगेतील आजींचा हात सर्वांआधी वर गेला, याचा मला फार आनंद झाला. ज्या साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे, तेथे आई, मूल आणि डबा असे सारे डावीकडच्या साइडकारमध्ये बसवून संगम माहुलीला निघणारी कुटुंबे होती, हे तरुणांनी आजींकडून जरूर ऐकून घ्यावे.

माझे म्हणणे असे की, साइडकारच्या वेगविक्रमाला अश्वशक्तीच्या आधी सरळ रेषा लागते आणि सरळ रेषा धरण्याची विद्या आपल्या फिटरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. २ जुलै १९५५ रोजी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चजवळच्या ट्राम रोड नावाच्या साध्या डांबरी रस्त्यावर, रसेल राइट यांनी व्हिन्सेंट या ब्रिटिश बनावटीच्या मोटारसायकलवर ताशी सुमारे २९८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, बॉब बर्न्स यांनी साइडकार जोडलेल्या व्हिन्सेंटवर ताशी सुमारे २६२ किलोमीटर गाठले आणि तोही जागतिक विक्रम ठरला. या दोन आकड्यांत जे ३६ किलोमीटरचे अंतर आहे, ती तिसऱ्या चाकाची किंमत होय. ती कशामुळे मोजावी लागते, हे मला पुस्तकातून नव्हे, तर माझ्याच गाडीवर कळले.

माझ्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटला साइडकार बसवण्यासाठी मी साइडकारची चॅसिस, म्हणजे सांगाडा, एका वर्कशॉपमधून करून घेतली. गाडी हाती आली तेव्हा ताशी ४० च्या पुढे ती डावीकडे अशी ओढू लागली की, हँडल धरून धरून माझे उजवे मनगट सुजले. मी टायर बदलले, स्टिअरिंगचे बेअरिंग बदलले, पुढच्या फोर्कला डॅम्पर बसवला. तीन महिने गेले. वर्कशॉपमध्ये विचारले तर ‘चालवून चालवून बसेल’ असे उत्तर मिळाले आणि त्या उत्तराचे दुःख मला आजही आहे, कारण लोखंड चालवून सरळ होत नाही. अखेर आमच्या गल्लीतील एका निवृत्त फिटरकाकांनी गाडी सपाट फरशीवर उभी करायला लावली, मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना टेकेल अशी एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आणि साइडकारच्या चाकाला टेकेल अशी दुसरी पट्टी ठेवली व त्यांच्यातील अंतर पुढे आणि मागे मोजले. साइडकारचे चाक पुढच्या बाजूस मोटारसायकलकडे किंचित वळलेले असावे लागते, ज्याला टो-इन म्हणतात. म्हणजे पुढचे अंतर मागच्यापेक्षा थोडे कमी हवे. माझ्या गाडीत ते ११ मिलिमीटरने जास्त निघाले. जिग, म्हणजे भाग जागच्या जागी पकडून ठेवणारा साचा, न लावता वेल्डिंग केल्याने आस तिरपा बसला होता आणि ते चाक सारा वेळ बाहेरची वाट धरत होते.

काकांनी आस कापून नव्याने बसवून घेतला आणि टो-इन १५ मिलिमीटर ठेवला. एका बंद कारखान्याच्या आवारातील लांब सरळ रस्त्यावर, मालकांच्या परवानगीने, मी गाडी पळवली. ताशी ६० ला ती नाकासमोर चालली, मला भरून आले. ताशी ९० ला मात्र ती पुन्हा डावीकडे ओढू लागली! याच क्षणी मला विषय समजला. साइडकारवर येणारा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो एकाच बाजूला असल्याने गाडीला डावीकडे फिरवतो. टो-इन त्याला एखाद्याच वेगाशी तोलून धरते. टो-इन आणखी वाढवावे, तर टायर रस्त्यावर घासत जाऊन शक्ती खातो. म्हणून वेगाच्या गाडीत उपाय पट्टीवर शोधायचा नसून साइडकारच्या तोंडावर शोधायचा असतो: ती जितकी बारीक, बुटकी आणि मोटारसायकलच्या आडोशाला, तितके टो-इन कमी लागते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. उरलेले वेगाने सांगतो.

ताशी १६० वरून २०० वर जायचे तर वेग सव्वापट होतो, पण हवा कापण्याची शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. म्हणून आधी हवा कापणारे आवरण, मग इंजिन. साइडकारची गाडी वळणावर कलत नाही, तेव्हा चपट्या पृष्ठभागाचे टायर तिला चालतात. गॅस सोडताच साइडकारचे वजन पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे वळते, म्हणून वेग हळूहळू उतरवायचा.

अमेरिकेतील बोनव्हिलचे मिठाचे मैदान साधारण आपल्या पाचगणीच्या उंचीवर आहे. पसरणी घाट चढून गेलेल्या गाडीचे हवा-पेट्रोलचे मिश्रण कसे दाट होते, हे येथील प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. तेथेही विरळ हवा रोध कमी करते आणि इंजिनाचे बळही कमी करते. याच मैदानावर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, मूळ १९२० सालच्या ‘इंडियन स्काउट’ या अमेरिकन मोटारसायकलवर एक हजार सीसीखालील इंजिनांच्या वर्गात ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. त्या गाडीचे पिस्टन ते स्वतः ओतत असत. आंतरराष्ट्रीय विक्रमासाठी दोन्ही दिशांना, दोन तासांच्या आत, धाव घ्यावी लागते आणि दोहोंची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणालाच मिळत नाही. आपण लहान इंजिनाच्या वर्गापासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

गाडी बाहेर पटांगणात उभी आहे, पट्ट्या आणि टेप मी सोबत आणला आहे. ज्यांना अंतर स्वतः मोजून पाहायचे असेल, त्यांनी माझ्याबरोबर यावे. आजी, आपल्यासाठी साइडकार रिकामी ठेवली आहे.