शनिवारची दिवाळी, रविवारची दिवाळी

मंडळी, नमस्कार. पाच मिनिटं बोल म्हणालात, पण वसईकराच्या हातात माइक म्हणजे विरार फास्ट, मधे कुठे थांबेलच असं नाही.

गेल्या आठवड्यात गाडीत मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "पप्पा, खरी दिवाळी शनिवारची की रविवारची?" शनिवारी आपली होती, रविवारी 'त्यांची'. तिची जिवलग मैत्रीण 'त्यांच्यात'. मी म्हटलं, थांब, सिग्नल लागलाय. घरी आल्यावर बायको म्हणाली, "सांग की तिला, तो पाच पानी ईमेल कोणी लिहिला होता ते." आपलं मराठी मंडळ फुटून दोन झाली तेव्हाचा तो ईमेल माझाच. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो वाचला नाही. ज्यांनी वाचला ते आता तिकडे आहेत.

शनिवार की रविवार, यावरून मला संत पॉलिकार्प आठवला. स्मुर्ण्याचा बिशप, स्मुर्णा म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. इसवी सन १५५च्या सुमारास हा म्हातारा समुद्र ओलांडून रोमला गेला. भांडण काय, तर ईस्टर कधी पाळायचा? याच्याकडे ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला, मग वार कुठलाही असो. रोमकडे रविवारीच. शिवजयंती तारखेने की तिथीने, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं मी सांगायला नको.

पण पुढे झालं ते वेगळंच. रोमचा बिशप अनिसेतस याला पटवू शकला नाही, हा त्याला पटवू शकला नाही. आणि अनिसेतसने आपल्याच चर्चमध्ये मिस्सेचा, म्हणजे मुख्य उपासना चालवण्याचा, मान पॉलिकार्पला दिला! दोघेही आपापल्या तारखेला चिकटून राहिले आणि शांतपणे निरोप घेऊन वेगळे झाले. पॉलिकार्प लेचापेचा नव्हता बरं. पुढे ख्रिस्ती असल्याबद्दल त्याला पकडायला शिपाई आले तेव्हा त्याने आधी त्यांना जेवायला वाढायला लावलं. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो, असं सांगितल्यावर म्हणाला, ८६ वर्षं त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही, मग माझ्या राजाला शिव्या कशा देऊ? मारलाच त्याला. असा माणूस तारखेपायी कुणाशी नातं तोडत नाही, आणि आपण? आपण हॉलचं डिपॉझिट कोणाच्या नावावर, यावरून तोडलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १९०च्या आसपास पोप व्हिक्टर आशियातल्या, म्हणजे पॉलिकार्पच्या प्रांतातल्या, चर्चना बाहेर काढायलाच निघाला, त्याच तारखेवरून. तेव्हा आजच्या फ्रान्समधल्या लिऑंचा बिशप इरेनियस याने त्याला पत्र लिहून या दोघांची आठवण करून दिली. लहानपणी त्याने पॉलिकार्पला ऐकलेलं होतं. २०२२ साली पोप फ्रान्सिसने इरेनियसला 'एकतेचा आचार्य' म्हटलं. त्यानेही पत्रच लिहिलं, मीही पत्रच लिहिलं. असो. आणि ईस्टरच्या तारखा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चच्या आजही बहुतेक वर्षी जुळत नाहीत.

आता खरं सांगतो. काल लेक माझ्यासोबत सभासदत्वाचा फॉर्म भरत होती. सहावा रकाना: 'इतर कुठल्या मराठी मंडळाचे सभासद आहात का?' तिने विचारलं, "हो लिहिलं तर काय होतं?" तो रकाना मीच घातलाय, त्या पाच पानांच्या जोशात.

फॉर्म दाराशी टेबलावर आहेत. रकाना अजून आहे. काढायचा तर कार्यकारिणीची सभा बोलवावी लागेल, आणि मागची सभा कशी झाली होती ते तुम्हाला माहीतच आहे.