एकच ट्यूब प्रीअँप असेल तर तो कुणाला द्यायचा?

नमस्कार मंडळी. बेळगावातले वडगाव, शहापूर, टिळकवाडीचे लोक आलेत, खानापूर-निपाणीकडचेही दिसतायत. आपल्यापैकी बहुतेकांचा स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली, खिडकीला गादी लावलेली. काम कसलं, तर भजनी मंडळांचे अभंग, एखाद्या मुलीचं शास्त्रीय गाणं, मध्येच निवडणुकीची जाहिरात. अशा ठिकाणी ट्यूब प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक आवाज काचेच्या ट्यूबच्या मदतीनं वाढवणारं यंत्र, एकच असतो. तो गायकाला द्यायचा, पेटीला द्यायचा नाही. का, ते सांगतो.

आधी थोडं गणित. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून साधारण आवाजात गायलं, तर तो एक-दोन मिलिव्होल्टच देतो. इंटरफेसच्या, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या यंत्राच्या, लाइन इनपुटला हवा असतो साधारण सव्वा व्होल्ट. म्हणजे आवाज जवळजवळ हजारपट वाढवायचा, 60 डेसिबल. हे काम प्रीअँपचं. ट्यूबवाल्या प्रीअँपमध्ये त्यातला काही वाटा 12एएक्स7 सारखी काचेची ट्यूब उचलते. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे आवाज वाढवणारे दोन भाग, असतात, आतला हीटर लाल होतो, आणि नीट बनवलेल्या यंत्रात प्लेटला दोनशे-अडीचशे व्होल्ट मिळतात. स्वस्त यंत्रांत हा व्होल्टेज फारच कमी ठेवलेला असतो, खरी वाढ चिप करते आणि ट्यूब नुसता रंग लावते. असं यंत्र टाकाऊ असतं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या काचेतून दिवा चमकताना दिसला, म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आता रंग म्हणजे काय? ट्रायोडला जरा जोरात ढकललं की तो मूळ सुरात प्रामुख्यानं दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा सूर, मिसळतो. 240 हर्ट्झचा सा गेला, तर 480 म्हणजे तार सा हलकेच सोबत येतो. तो सुरातच बसतो, म्हणून गळा भरदार वाटतो. एकट्या गळ्याला, एकतारीला हे शोभतं.

पेटीचं तसं नाही. वाजवणारा बोटं सफाईनं उचलत नाही, एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारा कपलर लावलेला असतो, खाली एक सूर धरून ठेवलेला असतो. समजा 240 चा सा आणि 270 चा रे क्षणभर एकत्र वाजले. ट्यूब दोघांचे हार्मोनिक तर काढतेच, शिवाय त्यांची बेरीज आणि वजाबाकीही काढते. 510 आणि 30. हे 30 म्हणजे नुसती घरघर. आणि 510 कुठे पडतो? तार सप्तकातल्या कोमल रे च्या अगदी शेजारी. यमन चाललाय आणि मागून कोमल रे कुजबुजतोय! ऐकणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, तो एवढंच म्हणतो, पेटी जरा गढूळ वाटत्येय. म्हणून पेटी सरळ इंटरफेसच्या साध्या प्रीअँपमधून घ्या. टाळही तसेच घ्या, त्यांच्या धातूच्या किणकिणाटात आधीच इतकं काही असतं, की वर भर घालायला जागाच उरत नाही. पखवाजाच्या धुम्याला मात्र ट्यूब कधीकधी छान लागते. तिथे आपापल्या कानावर सोडतो.

आता दोन नॉब. बहुतेक यंत्रांवर इनपुट गेन आणि आउटपुट असे दोन असतात, आणि सगळी खुबी त्यांतच आहे. इनपुट वर, आउटपुट खाली ठेवलं की रंग चढतो. उलट केलं की आवाज स्वच्छ येतो. अभंगाला, विशेषतः बुवांचा आवाज उंच आणि जरा पातळ असेल तर, मी इनपुट चढवतो. ख्यालाला नाही. धारवाड-हुबळीकडची किराणा गायकी इथे कितीतरी जण शिकलेत. त्या गायकीत मंद्रातला षड्ज लावून गायक थांबतो, मग दोन सुरांमधली शांतता ऐकू येते, आणि त्या शांततेत ट्यूबची सूं-सूं लगेच उघडी पडते. तिथे रंग नको, स्वच्छ सूर हवा.

एक प्रयोग घरी जाऊन कराच. अभंगाची एकच ओळ तीन वेगवेगळ्या इनपुटवर रेकॉर्ड करा. मग तिन्ही सारख्या पातळीवर आणा आणि डोळे मिटून ऐका. पातळी सारखी करणं चुकवू नका, कारण अर्धा-एक डेसिबल मोठं असलेलं कानाला नेहमीच गोड वाटतं, आणि आपण त्याचं श्रेय ट्यूबला देऊन मोकळे होतो. रंग एकदा फाइलमध्ये उतरला की परत निघत नाही. शंका असेल तर कमीच लावा.

जोडणी करताना प्रीअँपचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, टीआरएस जॅकनं. माइकच्याच तीन पिनांच्या एक्सएलआर भोकात खुपसलं, तर बऱ्याच इंटरफेसमध्ये ते दुसऱ्या प्रीअँपमधून जातं, आणि तुम्ही घेतलेल्या कष्टावर पाणी. 24 बिटवर काम करताय ना? मग रेकॉर्डिंगच्या मीटरवर सरासरी उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेवा, शिखरं उणे 10 ला थांबली तरी पुष्कळ झालं.

आणि यंत्रमाग! वडगाव-शहापूरवाल्यांचा हा हमखास प्रश्न. शेजारी माग चालू आहे, ट्यूब लावली तर तो कमी ऐकू येईल का? नाही. प्रीअँप गळा आणि माग दोन्ही सारखेच वाढवतो. उलट ट्यूब गळ्याची शिखरं थोडी दाबते, त्यामुळे ओळींमधल्या फटीत माग वर डोकावतो. उपाय माइकच्या अंतरात आहे. गायकापासूनचं अंतर निम्मं केलंत, तर गळा सुमारे 6 डेसिबल वर येतो आणि माग आहे तिथेच राहतो. तोंडाची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर लावा आणि जवळ या.

वीज हा आपला दुसरा त्रास. पावसाळ्यात खानापूरकडे दिवे केव्हा जातील सांगता येत नाही. यंत्र चालू केल्यावर वीसेक मिनिटं तापू द्या, तोवर माइक लावा, गायकाला चहा द्या. दिवे गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काम चालू ठेवू नका, त्याची कर्कश गुणगुण थेट टेकमध्ये उतरते. प्युअर साइन वेव्हचा असेल तरच चालवा. हम, म्हणजे विजेची घुं-घुं, आला तर काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपा करून असं करू नका. आत अडीचशे व्होल्ट आहेत, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. हमसाठी बॅलन्स्ड केबल वापरा, सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा, लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा ऐका. निम्म्या वेळा दोषी तोच निघतो.

ट्यूब म्हातारी झाली की चरचरते, किंवा धक्का लागला की घंटीसारखी वाजते. पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलकेच टिचकी मारून बघा. झाकण उघडायला लागत असेल, तर हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या. एक जादा ट्यूब कपाटात असू द्या.

हां, मागच्या बाकावरच्या काकांनी विचारलंय, खोली अजून घुमते, तरी प्रीअँप आत्ता घेऊ का? काका, आत्ता नको. त्या पैशांतून आधी कोपऱ्यांत आणि गायकाच्या मागे आवाज शोषणारं जाड रॉकवूल लावा, मग माइक बदला. प्रीअँपचं पुढच्या दिवाळीला बघू.